सात गुणांपलीकडची चित्रकला

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला, की आमच्या तालुक्याच्या गावी एक प्रश्न बाजारात, बचत गटाच्या बैठकीत, अगदी देवळाच्या पायरीवरसुद्धा ऐकू येतो. ‘‘यंदा इंटरमिजिएटला बसवताय का?’’

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा आपल्याला काही नव्या नाहीत. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला आपल्यातल्याही कितीतरी जणी बसल्या असतील. समोर तांब्या, वांगी नि घडी घातलेला टॉवेल ठेवून केलेलं वस्तुचित्र, ‘बाजाराचा दिवस’ असं काहीतरी स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि कर्तव्यभूमितीचा तो रुक्ष पेपर. तेव्हा आवड असेल तोच बसायचा. पण २०१७-१८ पासून दहावीच्या निकालात या परीक्षेचे वाढीव गुण मिळू लागले. ‘अ’ श्रेणीला ७, ‘ब’ला ५ आणि ‘क’ला ३. झालं! आठवीतल्या ज्या मुलानं पाच वर्षांत रंगाची पेटी उघडली नाही, त्यालाही आता क्लास लागतो. क्लासमध्ये एकच तांब्या, एकच वांगं आणि एकच देखावा शंभरदा गिरवून घेतला जातो. सात गुण पदरात पडले, की पेटी पुन्हा माळ्यावर.

यात मला मुलांचा दोष दिसत नाही नि आयांचाही नाही. एका गुणावर प्रवेश हुकतो म्हटल्यावर सात गुण कोण सोडेल? पण यातून चित्रकला कशासाठी शिकायची, या प्रश्नाला आपण एक उत्तर देऊन टाकतोय, आणि ते फार अपुरं आहे. दुसरीकडे सरकारी कागदावर चित्र अगदी वेगळं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं म्हटलं, की मुख्य विषय आणि अभ्यासेतर विषय अशी भिंतच नको. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं कलाशिक्षणाला इतर विषयांच्या रांगेत बसवलं. २०२४ मध्ये एन.सी.ई.आर.टी.नं तिसरीसाठी ‘बाँसुरी’ आणि सहावीसाठी ‘कृति’ अशी कलेची पाठ्यपुस्तकंच काढली. ही पुस्तकं वाईट नाहीत, मी चाळलीत. पण पुस्तक आलं म्हणून शिकवणारा येत नाही.

तो का येत नाही, त्याचं एक कारण कायद्यातच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय, की सहावी ते आठवीच्या वर्गांत मिळून शंभराहून अधिक मुलं असतील, तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवासाठी अर्धवेळ निदेशक असावा. म्हणजे शंभराच्या आत असाल तर नाही. पहिली ते पाचवीला तर प्रश्नच नाही. आता आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळा डोळ्यांसमोर आणा. दोन गुरुजी, चार वर्ग आणि तीस-चाळीस पोरं. तिथं चित्रकलेचा तास म्हणजे गुरुजी केंद्रावर माहिती भरायला गेले की फळ्यावर काढून ठेवलेला आंबा.

आणि नेमकं याच वयाबद्दल, म्हणजे तीन ते अकरा वर्षांच्या मुलांच्या चित्रांबद्दल, गेली शंभर-सव्वाशे वर्षं जगात मोठा अभ्यास झालाय. मी काही चित्रकार नाही. बी.ए.ला मानसशास्त्र होतं, आणि गेली काही वर्षं रविवारी सकाळी समाजमंदिरात वस्तीतली वीस-पंचवीस मुलं गोळा करून बसते, एवढाच माझा अधिकार. पण त्या मुलांच्या कागदांनी मला पुस्तकं शोधायला लावली.

सुरुवात रेघोट्यांपासून. ऱ्होडा केलॉग नावाच्या अमेरिकन बाईंनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या बालवाडीत काम करता करता मुलांची चित्रं जमवली. थोडीथोडकी नाहीत, दहा लाखांच्या आसपास! त्यांना दिसलं, की आपण ज्याला नुसतं गिरगिटणं म्हणतो त्यात वीस तऱ्हेच्या मूळ रेघा असतात. त्यातून मूल गोलाकडे येतं, गोलात फुली मारतं, गोलाला किरण फुटतात, आणि मग एक दिवस त्या गोलाला डोळे येतात नि खाली दोन पाय. डोक्यालाच पाय फुटलेला हा माणूस जगभरच्या तीन-चार वर्षांच्या मुलांच्या कागदावर सापडतो. तेव्हा ‘‘अगं, पोट कुठंय याचं?’’ म्हणून आपण ते दुरुस्त करायला जाऊ नये. वर्षभरात पोट आपलं आपण येतं.

पुढची गंमत फ्रान्सच्या ल्युके यांनी सांगितली. त्यांनी आपल्या मुलीची चित्रं वर्षानुवर्षं जपून अभ्यासली आणि १९१३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की लहान मूल दिसतं ते काढत नाही, त्याला माहीत असतं ते काढतं. आमच्या वर्गात सात वर्षांच्या एका मुलानं एस.टी. काढली. बाहेरून लाल, पण आतले प्रवासी डोक्यापासून चपलेपर्यंत दिसतात. कंडक्टरच्या पिशवीतली चिल्लरसुद्धा दिसते. मोठ्यांच्या हिशेबानं हे चूक. पण त्याला ठाऊक आहे की आत माणसं आहेत आणि पिशवीत पैसे आहेत, मग पत्र्याच्या आड ती लपवायची कशाला?

या सगळ्याची वयावार मांडणी केली व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी. हे मूळचे ऑस्ट्रियाचे, ज्यू. व्हिएन्नात अंध आणि अधू दृष्टीच्या मुलांकडून मातीकाम करून घ्यायचे. हिटलरमुळे देश सोडावा लागला, अमेरिकेत गेले आणि १९४७ मध्ये त्यांचं मोठं पुस्तक आलं. दोन ते चार रेघोट्या, चार ते सात पहिल्या आकृत्या, सात ते नऊ ठरलेल्या आकृत्या आणि खाली जमिनीची एक रेघ, नऊच्या पुढं खऱ्यासारखं काढण्याची धडपड, अशी ती साधारण विभागणी. त्यांच्या पुस्तकात तीन चित्रं शेजारी-शेजारी आहेत. पहिल्यात मुलानं स्वतः काढलेला पक्षी. दुसऱ्यात स्वाध्यायपुस्तिकेतले छापील पक्षी, मुलानं नुसते रंगवायचे. तिसऱ्यात त्यानंतर त्याच मुलानं काढलेले पक्षी, हुबेहूब त्या छापील पक्ष्यांसारखे, मेलेले. आपल्याकडं बाजारात दहा-वीस रुपयांना मिळणारी ‘रंग भरा’ पुस्तकं बघितली, की मला ती तीन चित्रं आठवतात. पोरगं तासभर गप्प बसतं, हा त्या पुस्तकांचा गुण आईच्या दृष्टीनं मोठा आहे, हे मी नाकारत नाही. पण ते चित्र काढणं नव्हे.

मात्र लोवेनफेल्ड यांचं सगळं जसंच्या तसं मानावं असंही नाही. मुलाला मोकळं सोडा, त्याच्या आतून कला फुलेल, मोठ्यांनी मध्ये पडू नका, असा त्यांच्या विचारांचा सूर. १९७७ मध्ये ब्रेंट आणि मार्जरी विल्सन या दांपत्यानं याला चांगलाच धक्का दिला. त्यांनी मोठ्या शाळकरी मुलांना त्यांच्या चित्रांबद्दल खोदून विचारलं, ‘‘हे कुठून सुचलं?’’ तर जवळपास प्रत्येक चित्राचं मूळ दुसऱ्या कुठल्या तरी चित्रात निघालं. कॉमिक्स, टीव्ही, मोठ्या भावाची वही. म्हणजे चित्र जसं आतून येतं तसं बाहेरूनही येतं, भाषेसारखंच.

हे मला लगेच पटलं. आमचा भाग माणदेशाच्या कडेचा. बाभळी, मेंढरं, उघडे माळ. नदी आहे, पण वर्षातून आठ महिने ती वाळूच. तरी पोरांना म्हटलं, ‘‘चित्र काढा’’, की वीसच्या वीस कागदांवर दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवता सूर्य, वळणं घेत येणारी निळीशार नदी, काठाला कौलारू घर आणि शेजारी वाकलेला नारळ! नारळाचं झाड यातल्या निम्म्या मुलांनी पाहिलेलं नाही. हे चित्र कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना येतं. वर्गातून वर्गात, ताईकडून धाकट्याकडं ते चालत आलंय. मी एकदा एवढंच म्हटलं, की आज डोंगर-नदी बंद, आपल्या दारातून जे दिसतं ते काढा. पंधरा मिनिटं कुणी पेन्सिल टेकवली नाही. मग एका धनगराच्या मुलीनं वाघरातली मेंढरं काढली, चारी बाजूंनी जाळी आणि आत नुसती गोल गोल पाठी. तिनं काढल्यावर बाकीच्यांना धीर आला. पाण्याचा टँकर आला, हातपंप आला, चारा छावणीसुद्धा आली.

तर मुद्दा असा, की ‘मोकळं सोडा’ एवढं पुरत नाही. मोकळं सोडलं की मुलं डोंगर-नदीच काढतात. पण फळ्यावरचा आंबा उतरवून घेणं हाही उपाय नाही. शिकवणं लागतं, ते बघायला शिकवणं.

आणि ते सगळ्यात जास्त लागतं नऊ-दहाव्या वर्षी. हार्वर्डचे हॉवर्ड गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या चित्रांचा आलेख इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा असतो असं मांडलं. पाच वर्षांच्या मुलाची चित्रं जिवंत, बेधडक. मग ती बिचकत जातात, आठ ते अकराच्या सुमारास आलेख तळाला जातो, आणि पुढं फक्त काही थोडे वर चढतात, बाकीचे चित्र काढणंच सोडून देतात. यालाही उत्तर आलं. १९९७ मध्ये पॅरिझर आणि व्हॅन डेन बर्ग यांनी कॅनडात मुलांची आणि मोठ्यांची चित्रं चिनी वंशाच्या परीक्षकांकडून तपासून घेतली, तर त्यांना तो ‘यू’ दिसलाच नाही. त्यांच्या मते जितकं वय नि कसब जास्त, तितकं चित्र चांगलं. तेव्हा कोणाला काय सुंदर वाटतं, त्यावरही आलेखाचा आकार ठरतो. सव्वीस जानेवारीच्या आणि गणेशोत्सवातल्या चित्रकला स्पर्धांना परीक्षक म्हणून बसणाऱ्या बायकांनी हे जरूर वाचावं. आपण बक्षीस देतो ते रेघेबाहेर न गेलेल्या रंगाला, आणि बऱ्याचदा ते रंगकाम आईचं असतं!

पण सुंदर काय, हा वाद बाजूला ठेवला तरी मुलं त्या वयात चित्र सोडतात हे आपण घरात बघतोच. चौथी-पाचवीतलं मूल स्वतःच्या चित्राकडं परक्याच्या नजरेनं बघायला लागतं. ‘‘घोडा घोड्यासारखा येत नाही, मला चित्रकला जमत नाही.’’ तेव्हा कुणीतरी शेजारी बसून ‘‘बघ बरं, घोड्याचा मागचा पाय नेमका कुठं वाकतो?’’ एवढं विचारायला हवं असतं. आपल्याकडं मूल याच वयात गावच्या शाळेतून मोठ्या शाळेत जातं. गावात कलाशिक्षक नव्हताच. पुढं ए.टी.डी. झालेले सर असलेच, तर ते भेटेपर्यंत ‘मला जमत नाही’ हे पक्कं झालेलं असतं, आणि सर भेटतात ते ग्रेड परीक्षेच्या घाईत.

मुलींचं आणखी वेगळं. ती चित्र सोडत नाही, आपण तिच्या चित्राला चित्र म्हणायचं सोडतो. दहा-बारा वर्षांची पोर एकवीस ठिपक्यांची रांगोळी काढते, ठिपके मोजते, मधली ओळ धरून दोन्ही अंगं सारखी ठेवते, चुकलं तर कुठून मोडायचं हे तिला कळतं. हे ‘घरकाम’. वारल्यांच्या लग्नाचा चौक भिंतीवर लिहायचा मान परंपरेनं सुवासिनींचा. मुली ते बघत बघतच शिकत आल्या. जगाला ती कला ठाऊक झाली ती सत्तरच्या दशकात जिव्या सोमा म्हसे कागदावर काढू लागले तेव्हा. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ती योग्यच होती, त्यांचा हात मोठा होता. पण त्याआधी पिढ्यान् पिढ्या भिंती रंगवलेल्या बायकांची नावं आपल्यातल्या एकीला तरी सांगता येतील का?

आता त्या सात गुणांच्या जोडीनं हल्ली जे दुसरं ऐकू येतं त्याकडं वळते. ‘‘काकू, चित्रकलेनं म्हणे मेंदू वाढतो, गणित सुधारतं?’’ क्लासच्या जाहिरातीत हे सर्रास असतं. एलन विनर आणि लोइस हेटलंड या दोघींनी अर्ध्या शतकातले असे अभ्यास गोळा करून २००० मध्ये त्यांची छाननी केली. नाट्य आणि संगीताच्या बाबतीत काही धागे सापडले. वर्गात नाट्य केल्यानं भाषा सुधारते, हा त्यातला बळकट. पण चित्रकलेमुळं गणिताचे किंवा वाचनाचे गुण वाढतात, याला भक्कम पुरावा मिळाला नाही. या दोघी कलेच्या विरोधक नव्हत्या, कलेच्याच माणसं होत्या. त्यांच्यावर आपलीच माणसं चिडली! पुढं २००७ मध्ये त्यांनी नि सहकाऱ्यांनी चांगल्या कलावर्गांत बसून मुलं खरं काय शिकतात ते नोंदवलं. नीट बघणं, चिकाटी, मनात चित्र उभं करणं, चुकलेल्यातून वाट काढणं, आपल्या कामाबद्दल बोलता येणं.

मला हे पटतं ते एका व्यावहारिक कारणासाठीही. गणितासाठी चित्रकला हवी म्हटलं, तर शाळा म्हणेल, मग गणिताचाच जादा तास घेतो की! उसन्या कारणावर उभा केलेला तास आधी कापला जातो.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातला एक अभ्यास आला. बोवेन आणि किसिडा या संशोधकांनी ४२ शाळांतल्या दहा हजारांवर मुलांचा अभ्यास केला. कोणत्या शाळांना जास्तीचं कलाशिक्षण मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं, त्यामुळं ‘हुशार शाळाच निवडल्या’ म्हणायला जागा नाही. कला मिळालेल्या शाळांत शिस्तभंगाचं प्रमाण ३.६ टक्क्यांच्या फरकानं कमी झालं, लिखाण सुधारलं, दुसऱ्याच्या दुःखाबद्दलची जाणीव थोडी वाढली. गणितात नि विज्ञानात फरक पडला नाही. पडेल असं कुणी म्हणूही नये.

त्याआधी, २०१३ मध्ये, याच मंडळींपैकी काहींनी अर्कान्सास राज्यातल्या एका छोट्या गावातल्या नव्या कलासंग्रहालयाच्या सहलींचा अभ्यास केला होता. तिथंही चिठ्ठ्याच टाकल्या. सव्वाशेच्या आसपास शाळा, अकरा हजारांच्या घरात मुलं. एका अर्ध्या दिवसाच्या भेटीनंसुद्धा मुलं चित्राकडं बारकाईनं बघून विचार करू लागली, आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो खेड्यातल्या नि गरिबांच्या मुलांना. ज्यांनी पूर्वी काही पाहिलेलंच नव्हतं त्यांना. हे वाचलं नि मला आपलं औंध आठवलं. सातारा जिल्ह्यातल्या औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये श्रीभवानी संग्रहालय उभारलं. राजा असून स्वतः चित्रकार असलेला माणूस. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथं आहेत, हेन्री मूरचं दगडी शिल्प आहे. मुंबई-पुण्यात नाही, माळावरच्या एका गावात! आणि आमच्याकडच्या शाळांच्या सहली तिथून तासा-दोन तासांच्या अंतरावरून वॉटर पार्कला जातात.

मध्येच एक सांगून टाकते, कारण हे मला आठवड्याला एकदा तरी विचारलं जातं. मोबाइलवर संदेश फिरतात, की मुलानं काळा रंग वापरला म्हणजे मनात भीती, हात नाही काढले म्हणजे असुरक्षित. यावर विश्वास ठेवू नका. एका चित्रावरून मुलाचं मन असं वाचता येत नाही. काळा खडू बहुधा पेटीत तेवढाच शिल्लक असतो. चित्रावरून बुद्धी मोजायचे प्रयत्नही झाले. १९२६ मध्ये फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी ‘माणूस काढा’ चाचणी आणली, आपल्याकडं प्रमिला फाटक यांनी ती भारतीय मुलांसाठी बसवली. पण ज्या मुलाच्या हाती सहाव्या वर्षापर्यंत पेन्सिलच आली नाही, त्याचा माणूस चार ठिकाणी अपुरा असणार. त्यावरून त्याला मंद ठरवणं अन्यायाचं होईल. मूल खरंच गप्प झालं असेल, तर त्याच्याशी बोलावं, गरज पडली तर डॉक्टरांकडं न्यावं.

आपल्याकडं यातलं काहीच झालं नाही असं नाही. १९४४ मध्ये शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद वर्ध्याजवळ सेवाग्रामला, गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आले आणि बरीच वर्षं राहिले. स्वतः पट्टीचे कुंभारकाम करणारे. त्या अनुभवावर त्यांनी लिहिलेलं ‘शिक्षा का वाहन : कला’ हिंदीत मिळतं. कलाकार घडवायचे म्हणून कला शिकवायची नाही, प्रत्येक मुलाला ती भाषा यावी म्हणून शिकवायची, हा त्यातला गाभा. ऐंशी वर्षांपूर्वीच्या, कसलीही साधनं नसलेल्या शाळेतलं हे काम. ‘आमच्याकडं सोयी नाहीत’ हे कारण मला म्हणूनच अर्धंच पटतं.

राहिला प्रश्न आपण काय करू शकतो याचा. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या बायका असायलाच हव्यात. बहुतेक ठिकाणी आपण सही करून परततो. गेल्या बैठकीत आमच्या वस्तीतल्या तिघींनी पहिल्यांदा तोंड उघडलं. मुख्याध्यापक सज्जन आहेत. ते म्हणाले, ‘‘वहिनी, माणूस कुठून आणू?’’ एकीनं विचारलं, ‘‘माणूस नसू द्या, पण तास तरी आहे का वेळापत्रकात?’’ तास होता, शनिवारी शेवटचा. दोन वर्षांत तो भरला नव्हता. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी ठरलं ते असं : शनिवारचा तास दुसरा घ्यायचा, म्हणजे घरी जायच्या घाईत बुडणार नाही. कागद ग्रामपंचायतीनं एका बाजूनं वापरलेले द्यायचे. रंग भरा पुस्तकं शाळेनं वाटायची नाहीत. महिन्यातून एकदा गावातली कुणी ना कुणी येऊन शिकवेल. पहिल्या महिन्यात कुंभारवाड्यातल्या आजी, दुसऱ्या महिन्यात ठिपक्यांची रांगोळी, तीही मुलामुलींना एकत्र. सहल औंधला न्यायची का, यावर मात्र एकमत झालं नाही. पोरांना पाण्यात खेळायचंय. तो विषय दिवाळीनंतरच्या बैठकीवर ठेवलाय.